खंडेनवमी आणि वाहनाचे अंतरंग

पूजेपूर्वी गाडी बाहेरून धुऊन-पुसून लखलखीत करण्याची प्रथा घरोघरी आहे. परंतु बॉनेटखाली जे यंत्र वर्षभर राबते, त्याची शुद्धी कशी करावी? घरच्या घरी, कोणासही इजा न होता आणि यंत्रासही अपाय न होता ती कशी साधावी, याविषयी थोडेसे.

आश्विन शुद्ध नवमी म्हणजे खंडेनवमी. देवीच्या नवरात्राची सांगता होत असताना येणारा हा दिवस महाराष्ट्रात आयुधांच्या पूजनासाठी राखलेला आहे. पूर्वी या दिवशी घरातील तलवारी, भाले, कट्यारी बाहेर निघत. त्यांवरील गंज उतरवला जाई, धार पाहिली जाई, मूठ सैल झाली असल्यास ती घट्ट केली जाई आणि मगच त्यांना गंधाक्षता लागत. काळ पालटला तशी आयुधेही पालटली. सुताराची करवत, गवंड्याची थापी, शिंप्याचे यंत्र, विद्यार्थ्याची पुस्तके, शेतकऱ्याचा ट्रॅक्टर ही आजची आयुधे होत. राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून त्या वेळच्या अहमदनगरास धावली. तिच्या वारसदार असलेल्या गाड्यांना आजही दसऱ्याला आगाराआगारांतून झेंडूच्या माळा चढतात. घरातील मोटार आणि दुचाकी यांचाही या पूजेतील मान आता रूढ झाला आहे.

महाभारतातील विराटपर्वात एक लहानसा पण मार्मिक तपशील आहे. अज्ञातवासात प्रवेश करण्यापूर्वी पांडवांनी आपली शस्त्रे शमीच्या झाडावर दडवली, ही कथा आपणा सर्वांस ठाऊक आहे. ते काम नकुलाने केले. झाडावर चढून त्याने शस्त्रे बांधली ती भक्कम फांद्या पाहून आणि जेथे पावसाचे पाणी पोचणार नाही अशी जागा निवडून. वर्षभराने ती शस्त्रे खाली उतरली तेव्हा ती कामास आली, याचे श्रेय शमीच्या पावित्र्याइतकेच नकुलाच्या त्या दक्षतेसही द्यावयास हवे. शस्त्राची पूजा म्हणजे शस्त्राची निगा, हा त्या प्रसंगाचा बोध आहे. आणि पाणी कोठे पोचू द्यावयाचे नाही, हे जाणणे हा त्या निगेचा पहिला धडा आहे. बॉनेट उघडून स्वच्छतेस हात घालणाऱ्या प्रत्येक गृहस्थाने तो लक्षात ठेवावा.

स्वच्छता म्हणजे पारख

चातुर्मासातील पावसाने गाडीच्या अंतरंगात काय काय आणून टाकले आहे, हे बॉनेट उघडल्याखेरीज कळत नाही. रस्त्यावरचा चिखल उडून वाळलेला असतो. पुढील काचेच्या पायथ्याशी असलेल्या खाचेत वाळकी पाने साचून पाणी वाहून जाण्याची छिद्रे बुजलेली असतात. इंजिनावर जिरपलेल्या तेलात धूळ मिसळून तिचा काळा चिकट थर बसलेला असतो. हा थर नुसता कुरूप नसतो. त्याखाली गळती लपते. इंजिनाची उष्णता बाहेर पडण्यास अडथळा होतो. आणि तापलेल्या भागालगत वाळकी पाने व तेलकट काजळी एकत्र आली, की ठिणगीची वाट पाहणारे सरणच तयार होते.

देवघरातील समई घासताना तिला पडलेली बारीक चीर प्रथम बोटांना कळते. दुरून दर्शन घेणाऱ्यास ती दिसत नाही. तेच यंत्राचे. स्वच्छतेच्या निमित्ताने प्रत्येक नळी, प्रत्येक तार, प्रत्येक पट्टा हाताखालून जातो आणि वर्षभर न दिसलेला दोष दिसतो. बॉनेटखालील भाग आरशासारखा चकाकावा हा या स्वच्छतेचा हेतू नव्हेच. तो पाहता यावा, पारखता यावा, एवढ्यापुरताच तो स्वच्छ करावयाचा आहे. ही मर्यादा एकदा मनाशी ठरली, की पाण्याचा पाइप, रॉकेलचा डबा आणि घाई या तिन्ही शत्रूंचा मोह आपोआप सुटतो.

मुहूर्त आणि पूर्वतयारी

हे काम नवमीच्या ऐन सकाळी काढू नये. सप्तमी किंवा अष्टमीच्या सकाळी ते उरकावे. याला व्यावहारिक कारण आहे. पूजेस मांडलेली हत्यारे त्या दिवशी वापरू नयेत, असा दंडक अनेक कारखान्यांतून व गॅरेजांतून पाळला जातो. स्वच्छतेत एखादा दोष आढळला तर मिस्त्रीस गाठण्यास एक-दोन दिवस हाताशी असावेत.

सकाळची वेळ सांगण्याचे कारण असे, की रात्रभर उभी असलेली गाडी पूर्ण थंड असते. नुकत्याच फिरून आलेल्या गाडीचे इंजिन थंड करणारे पाणी नव्वद-शंभर अंशांच्या आसपास तापलेले असते आणि ते दाबाखाली असते. त्या अवस्थेत रेडिएटरचे झाकण उघडले, तर उकळत्या पाण्याचा व वाफेचा फवारा थेट तोंडावर येतो. जळका धूर वाहून नेणारी नळी तर त्याहून कितीतरी अधिक तापते. अशा तप्त लोखंडावर गार पाणी पडले तर त्यास तडा जाण्याचेही भय असते. तेव्हा किल्ली फिरवण्यापूर्वीच काम आरंभावे.

बॉनेट उघडण्यापूर्वी त्यावर हाताने दोन-तीन थापा माराव्यात. उबेसाठी मांजर आत शिरून बसलेले असते. खेड्यापाड्यांत कधी सापही आढळतो. गाडी सपाट जागी उभी करून हातब्रेक ओढावा, चाकांना लाकडी ओट किंवा दगड लावावा. बॉनेट तोलून धरणारी दांडी तिच्या खाचेत नीट बसली आहे ना, हे हलवून पाहावे. किल्ली गाडीत किंवा खिशात न ठेवता घरात ठेवावी. आजच्या काही गाड्या किल्ली नुसती जवळ असली तरी जाग्या होतात. गाडीखाली शिरण्याचा विचार मनातही आणू नये. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली जाणे म्हणजे जिवाशी खेळ होय.

अंगावरील वस्त्रांकडेही लक्ष असावे. उपरणे, लुंगीचा सोगा, साडीचा पदर, ओढणी, सैल बाही यांना या कामात स्थान नाही. अंगठी, बांगड्या, धातूचे घड्याळ आणि गळ्यातील लोंबती साखळी उतरवून ठेवावी. बॅटरीच्या टोकाशी आणि गाडीच्या पत्र्याशी एकाच वेळी अंगठी टेकली, तर ती क्षणात लाल तापते व बोट भाजते. हातांत रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर फडके असावे.

साहित्य अगदी साधे लागते : दोन इंची रंगाचा कोरा ब्रश, एक जुना दातांचा ब्रश, सुती फडकी, एक बादली पाणी, भांड्यांचा सौम्य साबण, खाण्याचा सोडा, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि त्या बांधण्यास रबरबँड. फडकी आणि पिशव्या मोजून घ्याव्यात आणि काम संपल्यावर पुन्हा मोजाव्यात. इंजिनावर विसरलेले एक तेलकट फडके गाडी तापल्यावर पेट घेऊ शकते. हवेच्या तोंडावर राहिलेली एक पिशवी इंजिनाचा श्वास कोंडते.

प्रथम बॅटरीची शांती

पहिला हात बॅटरीस लावावा. अनेक गाड्यांत रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो आणि इंजिन बंद असतानाही तो एकाएकी फिरू लागण्याचा संभव असतो. बोटे पंख्याच्या पात्यांजवळ असताना असे झाले तर काय होईल, हे सांगावयास नको. यास्तव बॅटरीची जोडणी प्रथम सोडवावी.

त्याचा क्रम पूजेतील उपचारांइतकाच काटेकोर आहे. सोडताना आधी उणे टोक, म्हणजे बहुधा काळ्या तारेचे, आणि मग अधिक टोक. जोडताना याच्या उलट : आधी अधिक, शेवटी उणे. गाडीचा सारा पत्रा उणे टोकाशी जोडलेला असतो. अधिक टोक आधी सोडू गेल्यास आणि पाना चुकून पत्र्यास टेकल्यास मोठी ठिणगी उडते. उणे टोक आधी सुटले असेल तर हा धोका उरत नाही. मात्र नव्या गाड्यांत बॅटरी सोडल्याने रेडिओचा गुप्त अंक पुन्हा द्यावा लागतो, काचांची यंत्रणा पुन्हा जुळवावी लागते. काही गाड्यांत बॅटरी मागे किंवा आसनाखाली असते. तेव्हा गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका आधी वाचावी.

नेहमीच्या बॅटरीत गंधकाम्ल असते आणि भारित होताना तिच्यातून हायड्रोजन वायू बाहेर पडतो. हवेत त्याचे प्रमाण शेकडा चार झाले तरी ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणून बॅटरीजवळ उदबत्ती, निरांजन, कापूर, विडी-सिगारेट काहीही नको. टोकांवर जमलेली पांढरी-हिरवी भुकटी हाताने खरवडू नये. पेलाभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवून ते पाणी जुन्या दातांच्या ब्रशाने लावावे. फेस येऊन आम्लाचा अंश निघून जातो. हे पाणी बॅटरीच्या छिद्रांतून आत मात्र जाता कामा नये. पुसून कोरडे केल्यावर आणि टोके पुन्हा जोडल्यावर त्यांवर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवावा, म्हणजे भुकटी लवकर धरत नाही. आम्लाचा थेंब त्वचेवर वा डोळ्यांत गेल्यास ताबडतोब वाहत्या पाण्याने धुवावे. डोळ्यांत गेला असेल तर निदान पंधरा मिनिटे धुऊन विनाविलंब डॉक्टर गाठावा.

पाण्याचा मोह आवरावा

आपल्याकडे शुद्धी म्हटली की पाणी आलेच. परंतु बॉनेटखाली पाणी हे तीर्थासारखे द्यावयाचे असते : पळीपळीने, नेमक्या जागी. पाइपची धार किंवा गाड्या धुण्याच्या दुकानातील जोराचा फवारा येथे सर्वथा वर्ज्य समजावा.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली, तेव्हाच्या गाड्यांत आणि त्यापूर्वीच्या फियाट, अ‍ॅम्बेसिडरमध्ये कार्ब्युरेटर व डिस्ट्रिब्यूटर असत. डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीत पाणी गेले की गाडी रुसून बसे. चालक टोपी काढून कोरड्या फडक्याने पुसे आणि गाडी पुन्हा चालू लागे. आजची गाडी इतकी सोशिक नाही. इंधन किती सोडावे आणि ठिणगी केव्हा पाडावी हे आता एक इलेक्ट्रॉनिक मेंदू ठरवतो आणि ठिकठिकाणी बसवलेले संवेदक त्यास खबर देत असतात. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज-६ हे प्रदूषणविषयक निकष लागू झाले. त्यानंतरच्या गाड्यांत अशा नाजूक उपकरणांची संख्या आणखी वाढली आहे. जोराचे पाणी या जोडण्यांच्या रबरी कडांतून आत शिरते आणि तेथे गंज धरतो. तो दोष त्याच दिवशी दिसतो असे नाही. कधी महिन्याने, भर घाटात, गाडी बंद पडते तेव्हा त्याचा प्रत्यय येतो.

हवा आत घेणाऱ्या मार्गाने पाणी सिलिंडरपर्यंत पोचले तर त्याहून मोठा अनर्थ. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. दट्ट्या वर येताना त्यास पाण्याचा अडसर होतो आणि आतील पोलादी दांडा वाकतो. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी नेल्यास इंजिन निकामी होते ते याच कारणाने.

म्हणून ओल्या फडक्यास हात घालण्यापूर्वीच हवेच्या गाळणीचे तोंड, वीज निर्माण करणारा अल्टरनेटर, फ्यूजची पेटी, ठिणगीच्या कॉइल आणि तो इलेक्ट्रॉनिक मेंदू या साऱ्यांवर पिशव्या बांधाव्यात. मग काम कोरड्यापासून सुरू करावे. आधी पाने-पाचोळा हाताने वेचावा. काचेखालील खाच मोकळी करावी. नंतर कोरड्या ब्रशाने वरून खाली या क्रमाने धूळ झाडावी. घरी धूळ ओढणारे यंत्र असल्यास फारच उत्तम. मगच साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेले फडके घ्यावे. चिकट थर असेल तेथे साबणाचे पाणी ब्रशाने लावून पाच-सात मिनिटे राहू द्यावे आणि स्वच्छ ओलसर फडक्याने पुसून घ्यावे. एकाच दिवसात सारा मळ निघाला नाही तरी बिघडत नाही. वर्षानुवर्षांचा थर दोन-तीन वेळांत उतरवावा.

रॉकेल, पेट्रोल आणि सोडा

जुन्या पिढीत इंजिन रॉकेलने पुसण्याची चाल होती आणि काही ठिकाणी ती अजूनही आहे. ती सोडावी. पेट्रोलची वाफ तर कडाक्याच्या थंडीतही पेट घेण्याइतकी चपळ असते. ती हवेहून जड असल्याने जमिनीलगत पसरत जाते आणि दूरच्या देवघरातील नंदादीपही तिला पुरतो. रॉकेल त्यामानाने मंद. परंतु फडक्यात भिजलेले वा फवारलेले रॉकेल सहज पेटते, शिवाय रबरी नळ्या व पट्टे त्याने फुगून मऊ पडतात. कॉस्टिक सोडाही तितकाच घातक. आजची बहुतेक इंजिने अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची असतात. सोडा त्या धातूस खातो आणि त्यातून ज्वालाग्राही हायड्रोजन निघतो. तांब्या-पितळेच्या उपकरण्यांना चिंच चालते म्हणून येथेही चालेल, असेही समजू नये. साबणाने न निघणारा मळ असेल तर बाजारात पाण्यात मिसळणारे, इंजिनासाठीच बनवलेले स्वच्छक मिळते. ते डब्यावरील सूचना वाचूनच वापरावे.

तेलकट फडकी घरात किंवा गोठ्यात टाकून न देता झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, बाहेर ठेवावीत. मळके पाणी तुळशीच्या अळ्यात, विहिरीच्या कडेला किंवा ओढ्यात जाऊ देऊ नये. ज्या पाण्यात आपण घट बसवतो आणि मूर्ती विसर्जित करतो, त्यातच तेल सोडणे हे कोणत्या धर्मात बसते? हाताशी कोरड्या पुडीचे अग्निशामक असावे. पेट्रोल वा तेल पेटले तर त्यावर पाणी ओतू नये. त्याने आग पसरते.

हात चालताना डोळे उघडे असावेत

आता ज्यासाठी हा सारा खटाटोप, त्या पारखेकडे वळू. पुसताना पुढील खुणांकडे लक्ष द्यावे.

काळपट-तपकिरी ओल दिसल्यास ते इंजिनाचे तेल होय. डिपस्टिक काढून, पुसून, पुन्हा घालून तेलाची पातळी दोन खुणांच्या दरम्यान आहे की नाही हे पाहावे. हिरवट किंवा गुलाबी ओल बहुधा कूलंटची असते. कूलंट चवीला गोड पण विषारी असते. त्याचे डबके लहान मुले आणि घरातील जनावरे यांच्या वाटेत राहू देऊ नये. ब्रेकच्या तेलाची पातळी घटलेली दिसली, तर नुसती भर घालून समाधान मानू नये. ती का घटली, याचा शोध मिस्त्रीकडून घ्यावा. कारण त्यावर सर्वांचे प्राण अवलंबून आहेत. हे तेल रंगावर सांडले तर रंग उडतो, तेव्हा ते लगेच पाण्याने पुसावे. वातानुकूलन चालू असताना गाडीखाली पडणारे स्वच्छ पाणी मात्र निरुपद्रवी समजावे.

रबरी पट्ट्यावर आडव्या चिरा पडल्या असतील, नळी दाबून पाहता ती कडक किंवा अतिमऊ लागत असेल, तर ती बदलण्याची वेळ आली आहे. तारांवरील वेष्टन कुरतडलेले दिसल्यास तो उंदरांचा प्रताप होय. त्यांच्या लेंड्या व घरटे आढळल्यास कोरडे झाडू नये. साबणाचे पाणी शिंपडून, मोजे घालून उचलावे. कारण उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचा ज्वर फैलावतो. उघडी पडलेली तार स्वतः चिकटपट्टीने गुंडाळून वेळ मारून नेऊ नये. ती जळते तेव्हा सूचना देऊन जळत नाही.

आणि पेट्रोलचा वास आला तर? तेथेच हात आखडता घ्यावा. बॅटरी जोडू नये, गाडी चालू करू नये, माणसे व दिवे दूर करावेत आणि मिस्त्रीस घरी बोलवावे. उत्सवाच्या दिवशी गाडी घरी उभी राहिली म्हणून काही बिघडत नाही. शेजाऱ्याच्या गाडीतून सोने लुटावयास जाता येते.

काम उरकल्यावर कोरड्या फडक्याने सर्व भाग टिपून घ्यावेत, पिशव्या मोजून काढाव्यात आणि बॉनेट उघडे ठेवून गाडी तास-दोन तास उन्हात राहू द्यावी. मग बॅटरी जोडून इंजिन काही मिनिटे चालवावे, तेही उघड्या जागेत. बंद पडवीत इंजिन चालवल्यास धुरातील कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्यास रंग नाही, वास नाही. तो माणसास गुंगवून मारतो. चालू इंजिनाच्या पट्ट्याजवळ व पंख्याजवळ हात नेऊ नये. समोरच्या फलकावर एखादा इशाऱ्याचा दिवा विझत नसेल, तर गाडी दाखवून आणावी.

दुचाकी, गॅस आणि वीज

दुचाकीच्या बाबतीत अपघात होतात ते बहुधा साखळी पुसताना. मागील चाक उचलून, इंजिन चालू ठेवून, फिरत्या साखळीला फडके लावण्याची खोड अनेक तरुणांना असते. फडके साखळीत ओढले जाते आणि त्यामागून बोटे दातेरी चक्रात जातात. इंजिन बंद करून, चाक हाताने फिरवूनच साखळी पुसावी, आणि पुसणाऱ्यानेच चाक फिरवावे. दुसऱ्यास फिरवावयास सांगू नये. सायलेन्सर थंड झाल्यावर त्याच्या तोंडाशी पिशवी बांधावी, म्हणजे पाणी आत जात नाही; गाडी सुरू करण्यापूर्वी ती काढावी.

सीएनजीवर चालणाऱ्या गाडीतील टाकीत वायू सुमारे दोनशे पट वातावरणीय दाबाखाली असतो. बॉनेटखालील दाब कमी करणारे उपकरण, वायूच्या नळ्या आणि भरण्याचे तोंड हे कोरड्या फडक्याने वरवर पुसावे. एकही जोड सैल वा घट्ट करू नये. वायूचा वास येताच टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून दूर व्हावे.

विजेवरच्या वा संमिश्र गाडीत नारिंगी वेष्टनाच्या जाड तारा दिसतात. त्यांतून शेकडो व्होल्टचा प्रवाह वाहतो. या गाड्यांच्या बॉनेटखाली पाचोळा वेचणे आणि प्लॅस्टिकची झाकणे कोरड्या फडक्याने पुसणे, एवढाच गृहस्थाचा अधिकार. बाकी सारे प्रशिक्षित माणसावर सोपवावे. आपली मर्यादा ओळखणे हेही शस्त्रविद्येचेच अंग आहे.

पूजा मांडताना

स्वच्छ झालेल्या वाहनाची पूजा यथासांग करावी. परंतु उपचारांतही तारतम्य असावे. हळद-कुंकू, स्वस्तिक हे बॉनेटच्या बाहेरील पत्र्यावर रेखावे. आत वाहावयाचेच असेल तर स्थिर धातूच्या भागाला बोट लावावे. पट्टे, बॅटरीची टोके आणि तारा वगळाव्यात. निरांजन व कापूर ओवाळताना बॉनेट मिटलेले असावे आणि आरतीचे तबक गाडीवर न ठेवता हातात धरावे. झेंडूची माळ काचेआड दृष्टी येईल अशी किंवा रेडिएटरच्या जाळीपुढे दाट बांधू नये. त्याने वारा अडतो. माळा उतरवल्यावर पाकळ्या काचेखालील खाचेतून वेचून काढाव्यात, नाहीतर जी खाच आपण अष्टमीला मोकळी केली ती दसऱ्याला पुन्हा बुजेल. नारळ फोडल्यावर करवंटीचे तुकडे चाकांपुढून बाजूस करावेत. मुलांना पूजेत अवश्य घ्यावे. पाने वेचणे, फडकी मोजणे, डिपस्टिक पुसून हाती देणे ही त्यांची कामे. परंतु बॅटरी, पंखा आणि उघडे बॉनेट यांजपाशी त्यांना एकटे सोडू नये.

वर्षभर हे वाहन घरातील वृद्धांस दवाखान्यात नेते, मुलांस शाळेत पोचवते, रात्रीअपरात्री सर्वांना सुखरूप घरी आणते. त्याच्याकडे वर्षातून एकदा तरी डोळसपणे पाहावे, एवढीच त्याची अपेक्षा. नकुलाने शस्त्रे बांधताना पाऊस कोठून येईल याचा विचार केला होता; आपणही पाणी कोठे जाईल, ठिणगी कोठे पडेल, बोट कोठे अडकेल याचा विचार करावा. तशा विचाराने केलेली स्वच्छता ही पूजेची तयारी नव्हे, तर पूजेचा आरंभच आहे. येत्या विजयादशमीस सर्व वाचकांचे सीमोल्लंघन निर्विघ्न होवो आणि सोने घेऊन निघालेले प्रत्येक वाहन सुखरूप आपल्या दारी परतो.